चौथा क्वार्टर कापू नका: कॉलेज फुटबॉलसाठी घेतलेल्या स्ट्रीमिंग पॅकेजबद्दल

सुरुवातीलाच सांगून टाकते. सामना बघायचा असेल तर हे पॅकेज चांगलं आहे. कोच बघायचा असेल तर ते ऐन मोक्याला हात आखडता घेतं. आणि मी ते कोच बघायलाच घेतलं होतं.

मी ओहायोतल्या कोलंबसला राहते आणि एका शाळेच्या मुलींना व्हॉलीबॉल शिकवते. अमेरिकन फुटबॉल मला नवऱ्याने समजावला. तो बॉल कुणाकडे आहे ते बघतो. माझं लक्ष हेडसेट लावून साइडलाइनवर उभ्या असलेल्या माणसाकडे असतं. आपल्या पोराच्या हातून बॉल निसटला की त्याचा चेहरा कसा होतो, रेफरीशी तो कोणत्या आवाजात बोलतो, आणि सामना खिशात आल्यावर समोरच्या संघाशी कसा वागतो, हे मला बघायचं असतं. मैदानावर अठरा ते तेवीस वर्षांची मुलं असतात. ती त्या माणसाकडून फक्त डाव शिकत नाहीत, वागणंही शिकतात.

"अगं, तू सामना बघतेस की माणसं?" असं नवरा विचारतो. माणसंच बघते. "कॉलेजचे कोच माजलेले असतात" हे मी इथे सगळ्यांच्या तोंडून ऐकते, आणि दरवेळी बोलणारा विरुद्ध संघाच्या कोचबद्दल बोलत असतो. मला ते स्वतःच्या डोळ्यांनी तपासायचं होतं, म्हणून गेल्या हंगामात हे पॅकेज घेतलं. सेवेचं नाव लिहीत नाही, कारण कोणता सामना कोणाकडे दिसणार याचे करार सारखे बदलतात, आणि ओळखीतल्यांनी घेतलेल्या इतर सेवांतही याच खोडी दिसल्या.

किरकोळ गोष्टी आधी उरकते. बिल महिन्याला ८० डॉलरच्या पुढे जातं. हंगाम ऑगस्टअखेरपासून जानेवारीपर्यंत, तेवढेच महिने घेऊन बंद करता येतं आणि बंद करताना कुणी आडकाठी करत नाही. चित्र स्वच्छ आहे. एका पडद्यावर चार सामने लावता येतात. प्रक्षेपण थोडं मागे असतं, त्यामुळे टचडाउन (बॉल गोलरेषेपार नेणं) झाल्याचं शेजाऱ्यांच्या आरोळीवरून आधी कळतं. ज्यांना हे खपत नाही त्यांनी अँटेना लावावा.

मोठी तक्रार रेकॉर्डिंगची आहे. कॉलेजचा सामना साडेतीन तास सहज चालतो, ओव्हरटाइम झाला तर त्याहून जास्त. रेकॉर्डिंग मात्र वेळापत्रकातल्या वेळेला बंद पडतं. वेळ हाताने वाढवता येते, पण ती सोय मेनूच्या आतल्या मेनूत दडवून ठेवली आहे. मी ग्राहक सेवेला लिहिलं. उत्तर आलं, "अंतिम निकाल आपल्याला ॲपमध्ये पाहता येईल." निकाल मला कुठूनही कळतो. मला निकालानंतरची दोन मिनिटं हवी असतात, जेव्हा दोन्ही मुख्य कोच आपापल्या साइडलाइनवरून चालत मैदानाच्या मध्यावर येतात आणि हात मिळवतात.

थेट बघतानाही तेच. घड्याळ शून्यावर आलं की चॅनेल तडक पुढच्या सामन्यावर उडी मारतं. एकदा मात्र कॅमेरा चुकून तिथेच राहिला होता. जिंकलेल्या कोचने हरलेल्याचा हात धरला, दुसरा हात त्याच्या कोपराखाली घातला आणि कानाशी वाकून बराच वेळ काहीतरी बोलला. मग त्याला सोडून तो हरलेल्या संघाच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे पास फेकणाऱ्या आणि डाव चालवणाऱ्या खेळाडूला, शोधत गेला. त्या पोराने हेल्मेट काढलं नव्हतं, बहुतेक डोळे दिसू नयेत म्हणून. कोचने हेल्मेटच्या जाळीवर कपाळ टेकवलं. शब्द ऐकू आले नाहीत. पुढच्या क्षणी ट्रकची जाहिरात लागली.

"ठळक डाव" नावाची एक सोय आहे. साडेतीन तासांचा सामना ती पंधरा-वीस मिनिटांत दाखवते. कामाच्या माणसांना आवडेल, पण ती नेमकं काय वगळते ते ध्यानात घ्या. आघाडीवरचा संघ शेवटी बॉल घेऊन क्वार्टरबॅकला जागेवर गुडघा टेकायला लावतो, घड्याळ चालू राहतं, सामना संपतो. त्याला गुण करता आले असते, त्याने केले नाहीत. खिलाडूवृत्ती उघड्या डोळ्यांना दिसते ती इथे, आणि या सोयीच्या हिशेबी त्या वेळात काहीच घडलेलं नसतं. सामना एकतर्फी झाला की चार खिडक्यांची मांडणीसुद्धा आपोआप दुसरा, चुरशीचा सामना सुचवायला लागते. चौथ्या क्वार्टरमध्ये ३५ गुणांनी पुढे असलेला कोच कसा वागतो हे बघायचं असेल तर त्या सूचना बंद करून ठेवा.

ऑक्टोबरमधल्या अशाच एका सामन्याचा चौथा क्वार्टर मी पूर्ण बघितला. यजमान संघ इतका पुढे होता की अर्धं स्टेडियम रिकामं झालं होतं. पांढरी स्वच्छ जर्सी घातलेला राखीव क्वार्टरबॅक आत आला. बाकी सगळ्यांच्या जर्सीवर गवताचे आणि मातीचे डाग, याच्या अंगावर एकही नाही. कोचने पास मारू दिलेच नाहीत, सगळे धावेचे डाव, तेही मधल्या गर्दीतून. गोलरेषेजवळ चौथा डाऊन, म्हणजे शेवटची संधी, आली. सोपी किक मारून तीन गुण मिळाले असते. कोचने किकरला बसवून ठेवलं आणि पुन्हा मधूनच धाव घ्यायला लावली. ती अडली, बॉल समोरच्यांना मिळाला. समोरच्या बचावफळीने असा काही जल्लोष केला, जणू सामना जिंकला. मी रिमोट खाली ठेवून टाळ्या वाजवल्या.

याची दुसरी बाजूही मी जाणते. तो राखीव मुलगा आठवडाभर सगळ्यांइतकाच घाम गाळतो. त्याचे आईवडील रात्रभर गाडी चालवून आलेले असतात. त्याला मिळणारी दहा मिनिटं कदाचित वर्षातली एकमेव असतील. त्याने टचडाउन केला तर त्याला "आता पुरे" म्हणायचा हक्क कुणाला आहे? म्हणून उशिरा झालेला प्रत्येक गुण हा अपमान, असं मी मानत नाही. मी बघते ते हे: मैदानावर कोण आहे, पहिल्या फळीचे खेळाडू की तिसऱ्या? डाव धावेचा आहे की लांब पासचा? गरज नसताना टाइमआउट घेतला का? आणि दोन गुणांचा डाव खेळला का?

हा दोन गुणांचा डाव जरा समजून घ्यायला हवा. टचडाउननंतर किक मारून एक गुण घेता येतो, किंवा तीन यार्डांवरून आणखी एक डाव खेळून दोन. मोठी आघाडी असताना दोनसाठी जाणं हे तोंडावर थुंकण्यासारखं समजतात. पॅकेजमध्ये जुन्या सामन्यांचा साठा आहे आणि तो खरोखर भरपूर आहे. त्यात १४ नोव्हेंबर २००९चा स्टॅनफर्ड विरुद्ध यूएससी (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ) सामना सापडला. स्टॅनफर्ड ४८–२१ ने पुढे असताना त्यांचे कोच जिम हारबॉ दोन गुणांसाठी गेले. डाव फसला, पण सामना ५५–२१ असा संपला, तोही यूएससीच्याच घरी, लॉस एंजलिसच्या कोलिझियममध्ये. मध्यावर हात मिळवताना यूएससीचे कोच पीट कॅरल यांनी विचारलं, "तुझं काय चाललंय?" हारबॉ यांनी तेच वाक्य त्यांना परत केलं. दोन-तीन सेकंदांचा प्रसंग. मी तो थांबवून, मागे नेऊन पाहिला. कॅरल यांचा हात आधी सुटला. हारबॉ हुशार कोच आहेत यात वाद नाही. पुढे मिशिगनला त्यांनी २०२३ च्या हंगामात राष्ट्रीय विजेतं केलं. पण त्या दोन गुणांना फुटबॉलच्या दृष्टीने काही अर्थ नव्हता. ते समोरच्या माणसाला टोचण्यासाठी होते. हे मला पटत नाही आणि पटणारही नाही.

स्टीव्ह स्परिअर यांचं प्रकरण त्याहून ठसठशीत. १९९५ मध्ये त्यांच्या फ्लोरिडाने जॉर्जियाला अथेन्समध्ये ५२–१७ ने हरवलं, शेवटचा टचडाउन सामना संपत आल्यावर पास मारून. कारण त्यांनी स्वतःच सांगितलं: या मैदानावर जॉर्जियाविरुद्ध कुणी पन्नास गुण केलेले नाहीत असं ऐकलं होतं. डोक्यावर व्हायजर आणि तोंडाला लगाम नाही, अशी या माणसाची ख्याती. फ्लोरिडाचे लोक आजही त्यांच्यावर जीव ओवाळतात. मला त्यांच्या पत्रकार परिषदा ऐकायला मजा येते हे कबूल, पण समोरच्या बाकावर बसलेल्या, मान खाली घातलेल्या पोरांचे चेहरे मला त्या मजेपेक्षा जास्त लक्षात राहतात. माझ्या मुलींसमोर एका संघाच्या कोचने सामना कधीच हातात आलेला असताना आपली सगळ्यात जोरकस सर्व्हिस करणारी खेळाडू शेवटपर्यंत ठेवली होती. परतीच्या बसमध्ये कुणी बोललं नाही.

साठ्यातला सगळ्यात अवघड सामना आमच्याच गावच्या कोचचा. २९ डिसेंबर १९७८, गेटर बोल हा हंगामाअखेरचा सामना, ओहायो स्टेट विरुद्ध क्लेमसन. शेवटच्या मिनिटांत क्लेमसनच्या चार्ली बॉमनने पास अडवून बॉल पकडला आणि ओहायो स्टेटच्या साइडलाइनवर येऊन पडला. तो उठतोय तोच ओहायो स्टेटचे कोच वुडी हेज यांनी त्याला ठोसा मारला. क्लेमसन १७–१५ ने जिंकलं आणि दुसऱ्या दिवशी हेज यांची नोकरी गेली. अठ्ठावीस हंगाम, २०५ विजय, सगळं एका ठोशात संपलं. त्या वेळच्या कॉमेंट्रीत ठोशाचा उल्लेखच येत नाही, हे ऐकताना अंगावर काटा येतो. इथे स्टेडियमजवळच्या रस्त्याला आजही वुडी हेज ड्राइव्ह म्हणतात. इस्पितळात जाऊन अनोळखी आजाऱ्यांशी बोलत बसणारे, खेळाडूंनी पदवी घ्यावी म्हणून मागे लागणारे हेज इथल्या जुन्या लोकांच्या तोंडी आहेत, आणि ते खोटं नाही. ठोसाही खोटा नाही. पॅकेजने तो सामना न कापता ठेवलाय, याबद्दल त्यांना पूर्ण गुण.

गुण वाढवत नेण्याची खोड आजची नाही. ७ ऑक्टोबर १९१६ ला अटलांटात जॉर्जिया टेकने कंबरलंडला २२२–० ने हरवलं. मध्यंतरालाच १२६–० होते. कंबरलंडने फुटबॉल संघ बंद केला होता, तरी दंडाच्या धाकाने त्यांना यावं लागलं. त्याआधी बेसबॉलमध्ये त्यांनी टेकला २२–० ने धूळ चारली होती, आणि टेकच्या दोन्ही संघांचे कोच एकच, जॉन हाइझमन. दुसरा हाफ लहान करायला ते कबूल झाले, एवढीच दया. वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळणारा सगळ्यात मानाचा करंडक आज त्यांच्याच नावाने आहे.

हाफ लहान करायची ती मुभा नियमांत अजून आहे: दोन्ही मुख्य कोच आणि रेफरी यांचं एकमत झालं तर उरलेला वेळ कमी करता येतो. कॉमेंट्री करणाऱ्यांनी हे प्रेक्षकांना सांगावं असं मला फार वाटतं, कारण सांगितलं तर लोक दोन्ही कोचकडे त्या नजरेने बघतील.

सगळा दोष स्वभावाचा नाही, हेही या हंगामात नीट कळलं. बरीच वर्षं क्रमवारी ठरवणाऱ्या संगणकी गणितात विजयाचं अंतर धरलं जायचं. ४० ने जिंकलात तर २० ने जिंकण्यापेक्षा वर. २००२ मध्ये बीसीएसने (विजेतेपदाच्या सामन्यासाठी संघ ठरवणारी तेव्हाची पद्धत) ते अंतर गणितातून काढून टाकलं. पण आजही प्लेऑफसाठी संघ निवडणारी समिती माणसांचीच आहे, आणि माणसांना मोठा स्कोअर दिसतो. वर पैसा. टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने २०२३ मध्ये कोच जिंबो फिशर यांना काढलं, तेव्हा करारापोटी साडेसात कोटी डॉलरहून जास्त देणं लागलं. काम नीट झालं नाही म्हणून काढतानाही इतके पैसे मिळत असतील, तर पाय जमिनीवर ठेवायला मुळात चांगला माणूस लागतो.

आता या पॅकेजचा मला सगळ्यात आवडलेला भाग: न कापलेल्या पत्रकार परिषदा. वेगळ्या विभागात आहेत, शोधायला लागतात, पण आहेत. मोबाइलवर फिरणाऱ्या वीस सेकंदांच्या तुकड्यावरून माणसाला उर्मट ठरवणाऱ्या प्रत्येकाने त्या बघाव्यात.

ओक्लाहोमा स्टेटचे तेव्हाचे कोच माइक गंडी यांची २००७ ची ती प्रसिद्ध आरडाओरड घ्या. "मी पुरुष आहे! मी ४० वर्षांचा आहे!" एवढाच तुकडा सगळ्यांनी पाहिलाय आणि सगळे हसलेत. पूर्ण बघितली तर कळतं की हातात वर्तमानपत्र धरून तो माणूस आपल्या क्वार्टरबॅकवर लिहिलेल्या मजकुराबद्दल बोलतोय. लिहायचं तर माझ्यावर लिहा, मी मोठा आहे, त्या पोराला सोडा, असं त्याचं म्हणणं. पत्रकारांवर इतकं ओरडायला नको होतं. पण तो ओरडला खेळाडूसाठी.

कोच डीऑन सँडर्स यांच्याबद्दल तर मत न बनवलेला माणूस मला इथे भेटलेला नाही. २०२३ मध्ये कोलोरॅडोला आले. त्याआधीच्या वर्षी तो संघ १२ पैकी ११ सामने हरला होता. टीसीयूला (टेक्सस ख्रिश्चन विद्यापीठ) ४५–४२ ने हरवल्यावर ते पत्रकारांना विचारत सुटले, "आता विश्वास बसला का?" मग कोलोरॅडो स्टेटचे कोच जे नॉर्व्हेल म्हणाले की मोठ्या माणसांशी बोलताना मी टोपी आणि चष्मा काढतो, आईने तसं शिकवलंय. टोमणा टोपी-गॉगल लावणाऱ्या सँडर्स यांनाच होता. सँडर्स यांनी ते संघासमोर सांगितलं, खेळाडूंना गॉगल वाटले, आणि सामना दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये ४३–३५ ने जिंकला. गॉगलवरून माणसाचा माज मोजू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच माणसाला मी हरल्यानंतर पूर्ण ऐकलं. ओरेगनने ४२–६ ने धुतल्यावर त्यांनी सबबी सांगितल्या नाहीत, समोरच्यांनी आम्हाला बदडलं असं सरळ कबूल केलं. त्या सामन्याआधी ओरेगनचे डॅन लॅनिंग लॉकर रूममध्ये कॅमेऱ्यासमोर म्हणाले होते की ते क्लिकसाठी लढतात, आम्ही जिंकण्यासाठी. बोल झोंबणारे होते. पण मध्यंतराला ३५–० असलेल्या त्याच ओरेगनने नंतरच्या पूर्ण हाफमध्ये फक्त सात गुण केले. लोकांनी भाषण लक्षात ठेवलं, मी ते सात गुण लक्षात ठेवलेत.

आमचे रायन डे त्याच दिवशी नोत्र दामला शेवटच्या सेकंदाला १७–१४ ने हरवून बाहेर आले आणि सगळ्यात आधी ८६ वर्षांच्या लू होल्ट्झ या नोत्र दामच्या माजी कोचवर घसरले, कारण त्यांनी ओहायो स्टेटला नाजूक म्हटलं होतं. नवरा सोफ्यावर उभा राहून ओरडत होता. मला ते रुचलं नाही. जिंकलेल्या संघाची वाहवा करायच्या वेळी एका म्हाताऱ्या माणसाला शोधत बसायचं कशाला? इंडियानाचे कर्ट सिग्नेटी नवी नोकरी घेताना "मी जिंकतो, गूगल करा" म्हणाले, तेव्हा मात्र मला राग आला नाही. त्यात कुणाचा अपमान नव्हता, आणि पुढच्या हंगामात ११ सामने जिंकून त्यांनी ते खरं केलं. त्याच हंगामातला पर्ड्यूवरचा ६६–० विजय वेगळा. तो मला जड गेला.

आणि बिल स्नायडर. कॅन्सस स्टेटचे हे कोच विरुद्ध संघातल्या खेळाडूंना जांभळ्या शाईने, स्वतःच्या हाताने पत्रं लिहायचे. चांगला खेळलास, दुखापतीतून लवकर बरा हो, अशी. त्या पत्रांवर या सेवेत एकही कार्यक्रम नाही. भांडणांचे, झेंडे रोवण्याचे संग्रह मात्र पहिल्याच पानावर. २०२४ मध्ये मिशिगनने इथे १३–१० ने जिंकून मैदानाच्या मध्यावर झेंडा रोवला, हाणामारी झाली, पोलिसांनी मिरचीचा फवारा मारला, दोन्ही विद्यापीठांना लाख-लाख डॉलर दंड झाला. तो प्रसंग तीन कोनांतून बघायला मिळतो. त्याच हंगामातले कितीतरी हात मिळवणं जाहिरातीखाली गेलं.

ग्राहक सेवेला मी पुन्हा लिहिलंय. मागण्या दोन: रेकॉर्डिंग आपोआप सामना संपल्यावर आणखी दहा मिनिटं चालू ठेवा, आणि चौथ्या क्वार्टरमध्ये दोन्ही बाकांवर रोखलेल्या एका कॅमेऱ्याची वेगळी खिडकी द्या. तोवर घेणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी सेटिंगमध्ये जाऊन रेकॉर्डिंगची वेळ एका तासाने वाढवून ठेवावी आणि "ठळक डाव" बंद करावेत. पाचपैकी साडेतीन तारे. पत्रकार परिषदांचा विभाग नसता तर दोनच दिले असते.